गुरुवारची सुई

प्रिय नातवंडांनो,

मागच्या रविवारी कॉलवर तुम्ही माझ्या कपाटातली स्टीलची डबी पाहिलीत. तिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे, आणि खाली मी लाल शाईत चिठ्ठी चिकटवली आहे, ‘दुसऱ्या कुणीही वापरू नये’. आत साखर तपासायच्या सुया आहेत. धाकटी हसली. म्हणाली, “आजी, तू किती संशयी आहेस! तुझ्या सुया चोरायला कोण येणार?”

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर ते हसणं माझ्या कानातून जाईना. दीड वर्षापूर्वी मी एका बाईला अगदी असंच हसले होते, आणि तिच्याकडेही अशीच एक डबी होती. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे. त्या दिवसांतली माझी वही इंग्रजीत आहे. कामवाल्या बाईच्या हाती पडली तरी तिला वाचता येऊ नये म्हणून मी ती इंग्रजीत ठेवली. आता वाचते तेव्हा ती दुसऱ्याच कुणाच्या आजाराची वाटते.

जिच्याबद्दल लिहिणार आहे तिची परवानगी घेतली आहे. तिने दोन अटी घातल्या. नाव लिहायचं नाही, आणि ‘बिचारी’ हा शब्द कुठंही येता कामा नये. एकीचं नाव लिहायचं नाही तर कुणाचंच नको, असं मी ठरवलं.

गारखेड्यात आमच्या कॉलनीच्या बागेत पत्र्याची एक शेड आहे, ती तुम्ही पाहिली आहे. दर गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही पंधरा-सोळा म्हातारे रक्तातली साखर तपासायला तिथं उपाशीपोटी जमतो. तपासणीची पट्टी ज्याने त्याने घरून आणायची. मशीन आणि बोट टोचायचं पेन मात्र एकाच माणसाचं. त्यांना सगळे काका म्हणतात. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टूलरूममध्ये काढली. आमची बोटं ते अशी धरतात, जणू त्यांना माप घ्यायचं आहे.

“या मॅडम. आज कोणतं बोट? मागल्या टायमाला चौथं झालं.”

“तुम्हीच ठरवा.”

“मग करंगळी. करंगळी लई सरळमार्गी. खोटं बोलत नाय.”

टक् असा आवाज व्हायचा आणि थेंब यायचा. दुखायचं नाही. काकांच्या हाताला कसब होतं आणि आम्हा सगळ्यांना त्यांचं कौतुक होतं.

रांगेत एक काकू होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, नवरा फार पूर्वी न्यूमोनियाने गेलेला, मुलगी पुण्यात. घराणं भिक्षुकीचं, पुढं कचेरीत शिरलेलं. त्या काकांच्या मशीनवर आकडा बघायच्या, पण पेन हातात घ्यायच्या नाहीत. पिशवीतून करंड्याएवढी स्टीलची डबी काढायच्या, त्यातली स्वतःची सुई घेऊन स्वतःच टोचायच्या, वापरलेली सुई कागदात गुंडाळून पुन्हा त्याच डबीत ठेवायच्या आणि घरी न्यायच्या. पट्टी आणि कापसाचा बोळासुद्धा. आमच्या कचऱ्याच्या टोपलीत त्यांनी कधी काही टाकलं नाही.

आमचं घर शेतीवाडीचं. माझ्या लहानपणी अशा घरांतून आम्हाला पाणी वरून ओतून मिळालेलं मी पाहिलं आहे. पुढे शिकले, शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी ते मनातून गेलं नव्हतं. एका गुरुवारी मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काकूंची सुईसुद्धा सोवळ्यात असते हो!”

शेड दणाणून गेली. काका तर डोळे पुसत होते. काकूही हसल्या. हसता हसता त्यांनी डबीचं झाकण लावलं. त्यानंतर दर गुरुवारी काका त्यांना विचारायचे, “काय वहिनी, सुईची अंघोळ झाली का?” आणि ते वाक्य मूळ माझं म्हणून लोक माझ्याकडे बघायचे. मला ते आवडायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला बारीक ताप येऊ लागला. संध्याकाळी निन्याण्णवच्या जरा वर, सकाळी नाही. तोंडात छाले आले. ब्लाउज खांद्यावर सैल पडू लागले. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं. मग एका गुरुवारी काकांच्या पेनाचं टोपण टोचता टोचता निसटून खाली पडलं, आणि आतली सुई मी पहिल्यांदा पाहिली. टोकाशी ती तपकिरी झाली होती.

“काका, ही सुई नवी आहे ना?”

“नवीच की. मागल्या आठवड्यातली.”

“म्हणजे आज सगळ्यांना हीच?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “मॅडम, प्रत्येकाच्या नंतर स्पिरिटनं पुसतो मी. हत्यार हाय ते. धार जाईपर्यंत टाकत नसतात. तुम्ही हात लावून बघा, अजून धार हाय.” आणि अभिमानाने म्हणाले, “एका सुईवर पंधरा माणसं आरामात. एखादी चांगली निघाली तर दोन गुरुवार.”

मी बोट मागे घेतलं. घरी काम आहे म्हणाले आणि निघाले. माझ्यापुढे त्या दिवशी नऊ जण होते. हे मला आठवतं, कारण घरी पोचताच मी ते क्रमाने लिहून काढले.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या तरुण डॉक्टरांनी आधी “आजी, व्हायरल असेल” म्हणून टाळलं. मी सुईचं सांगितल्यावर त्यांनी लिहायचं थांबवलं. उठून दार लावलं. मला तेच नको होतं. दार लावलं म्हणजे काहीतरी आहे. ते म्हणाले, शक्यता फार थोडी आहे, पण दोन प्रकारच्या काविळीची आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या, मन मोकळं होईल. एचआयव्ही म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. बाहेर आले तेव्हा चिठ्ठ्या देणारी बाई माझ्याकडे बघत होती. ती नेहमीच बघते. त्या दिवशी मला वाटलं, हिला ऐकू गेलं.

शेजारच्या लॅबमध्ये माझी जुनी विद्यार्थिनी बसते. तिच्यापुढे हात पुढे करायचा आणि ती कागदावर एचआयव्ही हे नाव वाचणार, हे मला जमणारं नव्हतं. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. तीन आठवडे ती तिथंच राहिली.

ते तीन आठवडे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. मी रोज चारदा ताप मोजला. आरशासमोर जीभ बाहेर काढून बॅटरीने पाहिलं. जबड्याखाली एक गाठ सापडली, ती इतकी चाचपली की दुखू लागली, आणि दुखते म्हणून अजून घाबरले. मोबाईलवर वाचलं. जे लक्षण वाचायची ते दुपारपर्यंत मला व्हायचं. तुम्हाला कॉलवर “मस्त आहे” म्हणायची तेव्हा तोंडातला छाला लपवायला बोलणं कमी करायची. तुमच्या बाबाने विचारलंही, “आई, आज गप्प का?”

गुरुवारी जाणं बंद केलं. गॅलरीत उभी राहून शेडकडे बघायची. कोण बारीक झालंय? कोण खोकतंय? एक गृहस्थ दरवर्षी मित्रांबरोबर बँकॉकला जातात, ते माझ्या यादीत पहिले. एकांचा ट्रकचा धंदा होता, ते दुसरे. एका जोडप्याला अपघातात बाहेरचं रक्त द्यावं लागलं होतं, म्हणून दोघंही. ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले, ज्यांनी तुमचे आजोबा गेले तेव्हा आठ दिवस डबा पाठवला, त्या माणसांना मी एकेक करून तपासलं. काकांना तर मी मनातल्या मनात कोर्टात उभं केलं होतं.

आणि मग मला काकू आठवल्या. पहिल्या दिवसापासून स्वतःची सुई. मला वाटलं, सोवळं कसलं, हिला माहीत होतं. आपल्यापैकी कुणाला तरी हा रोग आहे हे हिला ठाऊक आहे. स्वतःपुरती काळजी घेतली आणि आम्हाला टोचून घेऊ दिलं. वर माझ्या विनोदावर हसली. त्या आठवड्यात त्या दोनदा विचारपूस करायला आल्या. दोन्ही वेळा मी जाळीच्या दाराआडूनच बोलले.

“बरं नाही का ताई? आवाज उतरलाय तुमचा.”

“थोडी कणकण आहे.”

“रक्त तपासलंत का?”

ही मला रक्ताचं का विचारते? त्या रात्रीच्या वहीत मी हे वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

अजून एक सांगायचं आहे. ते सांगू की नको याचा दोन दिवस विचार केला. माझा संशय तुमच्या आजोबांवरही गेला. ते पाटबंधारे खात्यात होते, महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर. नांदेड, परभणी, रेस्ट हाऊस. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. एका दुपारी मी त्यांची ट्रंक उघडली आणि दौऱ्याच्या डायऱ्या वाचायला बसले. काय शोधते ते मला माहीत होतं. कालव्याची पातळी, जीपचं पंक्चर, कुठं भाकरी चांगली मिळाली. एका पानावर लिहिलं होतं, ‘घरी फोन लागला नाही. उद्या पुन्हा.’ मी डायऱ्या जशा होत्या तशा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं, कारण आता मला माझीच भीती वाटू लागली होती.

आपल्या शहरातल्या मुली स्कूटीवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे दिसतात. मी एकाहत्तराव्या वर्षी तसा स्कार्फ बांधला. वर काळा गॉगल. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, “अम्मा, धूल की अ‍ॅलर्जी है क्या? हमारे घर में भी सब को है.” मी हो म्हटलं.

तपासणीच्या खोलीबाहेर बाक होता. आतल्या समुपदेशक बाई तुमच्या आईच्या वयाच्या असतील. त्यांनी मला स्कार्फ काढायला सांगितलं नाही. तपासणीला माझी संमती आहे का ते विचारलं. सगळी हकीकत ऐकून घेतली. एकच सुई पंधरा जणांना, यावर त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, “लगेच आला असता, तीन दिवसांच्या आत, तर तेव्हा औषधाचा विचार करता आला असता. आता तपासायचं. आणि आज काहीही निघालं तरी शेवटचं टोचल्यापासून तीन महिन्यांनी पुन्हा यायचं.” मग विचारलं, “पतींची कधी तपासणी झाली होती?” मी इतक्या जोरात “गरज नव्हती” म्हणाले की त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, “हा प्रश्न सगळ्यांना विचारते मी, आजी.”

रक्त घेतलं. सुई पाकिटातून माझ्यासमोर फोडली. मी तरी पाकिटाची कड तपासली. तासाभराने या म्हणाले.

मी बाकावर बसले होते. समोरच्या दुसऱ्या खोलीतून काकू बाहेर आल्या. हातात तीच पिशवी.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? ही माझ्या मागावर आली आहे. आता कॉलनीभर सांगणार. मी मान खाली घातली. त्या सरळ येऊन माझ्या शेजारी बसल्या.

“ताई, गॉगल काढा. आत अंधार आहे, पडाल.”

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“त्या चपला तुम्ही दुकानात तासभर घासाघीस करून घेतल्या. मी होते बरोबर.”

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, “तुम्ही माझ्या मागे आलात.”

“मी इथं अठरा वर्षं येते,” काकू म्हणाल्या. “दर तीन महिन्यांनी. औषध न्यायला.” त्यांनी पिशवी थोडी उघडून दाखवली. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. वर वर्तमानपत्र, त्यावर कोथिंबिरीची जुडी, लोकांनी पाहिलं तर भाजी दिसावी म्हणून.

माझ्या तोंडून आधी निघालं ते हे. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“मला माझंच माहीत होतं, ताई. दुसऱ्या कुणाचं नाही. म्हणून तर माझी सुई मी वेगळी ठेवली. तुमच्यासाठी.”

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. “एकदाही नाही? काकांच्या पेनाने एकदाही नाही?”

“एकदा डबी घरी राहिली होती. आठवतं? मी चहा पिऊन आले म्हणाले आणि तपासणी न करता परत गेले. तुम्ही म्हणालात, सोवळं मोडलं वाटतं.”

मला आठवलं.

“काकांना मी सांगितलं होतं, सुई बदलत जा,” काकू म्हणाल्या. “ते म्हणाले, वहिनी, तुमचं सोवळं तुमच्यापाशी. सगळे हसले. जास्त बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला एवढं कसं माहीत. तिथं मी गप्प बसले. ते मी चुकले.” मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “तुमच्या विनोदाचा मला उपयोग झाला. लोकांना कारण मिळालं, पुढं कुणी विचारलं नाही.”

मला त्यांची क्षमा मागायची होती. ते न करता मी त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं, त्यांना कुठून झालं म्हणून. अजूनही माझं मन कुणाला तरी धरायच्या मागे होतं.

“ते मी त्यांना विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “कळलं तेव्हा अकरा दिवस राहिले होते. त्यात काय काय विचारणार?”

माझा नंबर पुकारला गेला. काकू बाकावरच बसून राहिल्या. त्यांचं काम झालं होतं, त्यांची सिटी बस निघून जात होती. आत समुपदेशक बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला, संसर्ग आढळला नाही. काविळीचंही काही नव्हतं. मी विचारलं, नमुना माझाच कशावरून? त्यांनी नळीवरचा नंबर आणि माझ्या चिठ्ठीवरचा नंबर शेजारी ठेवून दाखवला. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

बाहेर येऊन काकूंना सांगितलं. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच मोकळा झाला. तो मी बराच वेळ बघत राहिले, काही वेगळं दिसतंय का म्हणून. दिसलं नाही. मग मी म्हणाले, “मी सगळ्यांसमोर तुम्हाला हसले.” त्या म्हणाल्या, “हो, हसलात.” एवढंच. मग आम्ही एका रिक्षात घरी आलो.

छाले माझ्या नव्या कवळीमुळे होते, दंतवैद्याने ती घासून दिल्यावर गेले. गाठ मी चाचपणं सोडल्यावर बसली. ताप कशाचा होता ते कुणालाच सांगता आलं नाही. तो आपोआप थांबला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, काकू बरोबर आल्या. तेव्हाही काही निघालं नाही.

पण बाकीचे होते. त्या दवाखान्याच्या दिवसानंतर मी काकांच्या घरी गेले. काकूंबद्दल अक्षर बोलले नाही. फक्त म्हणाले, डॉक्टरांनी मला कोणत्या तपासण्या सांगितल्या आणि का. काका आधी चिडले. “स्पिरिटनं पुसलं तरी?”

“तरी. सुईवर, पेनाच्या टोपणात रक्त राहतं. पुसून जात नाही.”

“मॅडम, मी कुणाचं वाईट…” आणि थांबले. टीव्ही बंद केला. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. “माझी बायको पण त्याच रांगेत असती,” म्हणाले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी शेडमध्ये उभं राहून सगळ्यांना स्वतः सांगितलं. चूक माझी, म्हणाले, सगळ्यांनी तपासून या, मी आलोय. त्याच्या पुढच्या गुरुवारी पिशवीभर स्टीलच्या डब्या घेऊन आले. प्रत्येकीवर त्यांनी जुन्या कोरणीने नाव कोरलं होतं, अक्षर सुबक, कारखान्यातल्या हत्यारांवर असतं तसं. “ज्याची सुई त्यानं आणायची, त्यानंच टोचायची. मी फक्त आकडा वाचणार.” काकूंकडे बघून म्हणाले, “आता समदेच सोवळ्यात, वहिनी! तुमची बी द्या, नाव घालून देतो.”

“माझी आहे तशी राहू द्या,” काकू म्हणाल्या.

सगळे हसले. मी हसले नाही, आणि काकूंनी ते पाहिलं.

कोण तपासून आलं आणि काय निघालं ते मी कुणाला विचारलं नाही. दोघं जण त्यानंतर कधी आले नाहीत. बँकॉकवाले त्यातले नाहीत. ते दोघं का येत नाहीत हे मला माहीत नाही. त्यांच्या खिडकीवरून जाताना माझी नजर वर जाते, आणि मी ती खाली आणते. ही खोड गेलेली नाही. म्हणून धाकटीने मला संशयी म्हटलं ते बरोबरच आहे. फक्त डबीवरची चिठ्ठी त्या संशयातून आलेली नाही. ती काकूंकडून शिकले.

काकू आणि मी अजून एकमेकींना अहो-जाहोच करतो. दर तीन महिन्यांनी मी त्यांच्याबरोबर जाते आणि बाकावर बसते, स्कार्फ न बांधता. कोथिंबीर मी घेते. डब्या चौदा उरल्या आहेत. गुरुवार चालू आहे.